नशा, धर्म आणि गोष्ट



आपल्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, गिरड नावाचे गाव आहे. तेथल्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि तेथे मुसलमानांप्रमाणेच हिंदूही श्रद्धेने जातात, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. सुकलेल्या फळांसारखे दिसतात ते. त्यांची एक गोष्ट आहे. दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा फकिराने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. व्यापारी पाया पडले. मग फकिराने झाडाच्या वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघे जन्मभर त्याच्या सेवेत राहिले. ही गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांतही नोंदलेली आहे.

आता भूगर्भशास्त्र काय म्हणते? आपला हा सगळा मुलूख लाव्हारसाच्या काळ्या खडकाचा. रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे साचली. वरचा खडक झिजला आणि हे गोळे मोकळे झाले. तेव्हा दगड खरा आहे. गोष्ट त्याच्यावर नंतर बसली आहे. गोष्ट वाईट आहे असे मुळीच नव्हे. साधूची टवाळी करू नये, मालाचा गर्व धरू नये, हा तिचा बोध चांगलाच आहे. परंतु गोष्ट वाचून कोणी दगडाचे जायफळ समजून उगाळू लागला, तर त्याला आपण थांबवू की नाही?

आज मला ज्या विषयावर बोलायचे आहे तेथे हेच घडते. विषय आहे नशेचा. आणि नशेला धर्माचे नाव देण्याचा. कोणत्याही मोठ्या जत्रेत जा, उरुसात जा, शिवरात्रीच्या मेळ्यात जा. एखाद्या कोपऱ्यात चार माणसे धुनीभोवती बसलेली असतात आणि चिलीम फिरत असते. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कुतूहलाने जवळ जातो. कोणीतरी म्हणते, "घे बेटा, बाबांचा प्रसाद आहे." जो पोरगा पानठेल्यावर बिडीला हात लावताना चार वेळा मागे वळून पाहतो, तोच येथे दोन्ही हात पुढे करतो. का? कारण 'प्रसाद' या शब्दाने त्याची भीती काढून घेतलेली असते. प्रसाद नाकारणे म्हणजे देवाचा अपमान, असे त्याला घरी शिकवलेले असते.

शिवाच्या नावाने जे चालते त्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. दर्ग्याच्या बाबतीत मात्र एक समजूत सुशिक्षितांतही आढळते. "त्यांच्यात दारू नाही चालत, पण गांजा-अफू चालते, फकीर तर ओढतातच," असे लोक सहज म्हणतात. कोणी बाबा फरीदांच्या 'गंजेशकर' या बिरुदाकडेही बोट दाखवतो. अहो, गंज म्हणजे फारसीत खजिना. गंजेशकर म्हणजे साखरेचा खजिना. उपासाने व्याकूळ झालेल्या फरीदांनी तोंडात खडे टाकले आणि त्यांची साखर झाली, अशी आख्यायिका त्या नावामागे आहे. गांजाशी त्याचा काडीचा संबंध नाही. उपासतापास आणि कठोर तप यांसाठी हा पुरुष प्रसिद्ध होता.

मग इस्लामची भूमिका काय? ती एका दिवसात उतरली नाही, पायरीपायरीने आली. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, २१९व्या आयतीत, मद्य आणि जुगार यांत लोकांना काही लाभ आहे पण अपाय लाभाहून मोठा आहे, असा विचार येतो. चौथ्या सूरेच्या ४३व्या आयतीत नशेत असताना नमाजाकडे जाऊ नका, आपण काय बोलतो आहोत हे कळेपर्यंत थांबा, असा आदेश आहे. आणि पाचव्या सूरेत, ९० आणि ९१ या आयतींत, ते सैतानी काम म्हणून सरळ टाळायला सांगितले आहे. कारण त्यातून माणसामाणसांत वैर उपजते आणि ईश्वराचे स्मरण सुटते. ज्यांना मूळ वचनांजवळ जायचे आहे त्यांनी विनोबांचा 'कुराणसार' पाहावा. पवनारच्या या माणसाने कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकून घेतली, वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि १९६२ साली त्यातील निवडक वचनांचे संकलन प्रसिद्ध झाले. आपल्या जिल्ह्याला याचा अभिमान वाटावा.

मद्याला कुराणात शब्द आहे 'खम्र'. त्याच्या मूळ धातूत झाकण्याचा अर्थ आहे. डोके झाकणाऱ्या ओढणीला अरबीत 'खिमार' म्हणतात, तो याच धातूचा. खलीफा उमर यांच्या नावाने खम्रचा अर्थ असा सांगितला जातो की, जे बुद्धीला झाकून टाकते ते खम्र. म्हणजे मुद्दा द्राक्षाचा नाही, मोहाचा नाही, बाटलीचा नाही. मुद्दा अकलेचा आहे. जिच्या जोरावर माणूस आपल्या कर्माचा जबाब देतो ती अक्कल झाकली गेली, तर जबाब कोण देणार?

आता कोणी शंका काढील, आणि ती जुनीच शंका आहे: कुराणात गांजाचे, भांगेचे नाव नाही, मग ते निषिद्ध कसे? भांगेची पाने खाणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हाच प्रश्न काढला होता. कायदेपंडितांनी त्यावर 'कियास' लावला. कियास म्हणजे साम्यावरून निर्णय. मद्य का निषिद्ध? नशा आणते म्हणून. भांग नशा आणते का? आणते. मग निर्णय तोच. दमास्कसचे प्रसिद्ध पंडित इब्न तैमिया, जे १३२८ साली वारले, त्यांनी भांगेविरुद्ध फार कडक मत दिले. कैरोचे झरकशी, मृत्यू १३९२, यांनी तर या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पंडितांत मतभेद नव्हते असे नाही. शिक्षा किती द्यावी, औषध म्हणून थोडे चालेल का, कपड्याला लागले तर कपडा अपवित्र होतो का, यांवर पुष्कळ काथ्याकूट झाला. पण नशेसाठी खाणे धर्माला मान्य आहे, अशी बाजू त्या वादात टिकली नाही.

याच कसोटीची दुसरी बाजूही पाहा. ती कॉफीची आहे. येमेन देशातले सूफी रात्र रात्र जागून ईश्वराचे नामस्मरण करीत. झोप येऊ नये म्हणून पंधराव्या शतकात त्यांनी कहवा पिण्यास सुरुवात केली. एका भांड्यातून, एकत्र बसून, स्मरण करता करता पीत. म्हणजे धार्मिक विधीतले पेयच झाले ते! १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने, खैर बेगने, पंडितांची सभा भरवून कहव्यावर बंदी घातली. परंतु ती टिकली नाही. अनुभवाने लोकांना दिसले की कहवा अक्कल झाकीत नाही, उलट जागी ठेवतो. पुढे वाद होत राहिले तरी कहवा राहिला. आपल्या देशात चिकमगळूरच्या डोंगरात कॉफीचे बी बाबा बुदन नावाच्या फकिराने आणले असे सांगतात, आणि त्या स्थानालाही हिंदू-मुसलमान दोघे मानतात. पदार्थ नवा आहे म्हणून नाकारायचा नाही आणि साधूने घेतला म्हणून स्वीकारायचा नाही. तो अकलेचे काय करतो ते विचारायचे, असा हा हिशेब आहे.

तर मग मुसलमानांत कोणी नशा केलीच नाही काय? केली, भरपूर केली. इतिहास लपवण्यात अर्थ नसतो. बाबराने आपल्या आठवणींत मद्याचे आणि माजूनचे प्रसंग स्वतःच लिहून ठेवले आहेत. १५२७ साली खानव्याच्या लढाईपूर्वी त्याने मद्य सोडले आणि प्याले फोडले. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली येथून फार दूर नसलेल्या बुऱ्हाणपुरात दारूपायी मेला. बापाने पहारा बसवला होता, तर नोकर बंदुकीच्या नळीतून दारू आणून देत, असे त्याचा भाऊ जहांगीर लिहितो. जहांगीर स्वतःही मद्य आणि अफू घेई. पण यांतल्या कोणी 'हा माझा धर्म आहे' असे म्हटले नाही. बाबराने सोडताना तोबा केली, ती पाप मानूनच ना? नियम मोडणे वेगळे आणि मोडण्यालाच नियम म्हणणे वेगळे.

हे दुसरे काम केले काही कलंदर आणि मलंग मंडळींनी, आणि त्यासाठी त्यांनी आधार घेतला गोष्टीचा. पंधराव्या शतकातील मिसरचे इतिहासकार मकरीझी यांनी ती गोष्ट नोंदवली आहे. खुरासानात हैदर नावाचा एक शेख डोंगरात एकान्तात राहत असे. एके दिवशी भर उन्हात, वारा पडलेला असताना, एक झाड त्याला डुलताना दिसले. त्याने त्याची पाने खाल्ली, आनंदित होऊन परतला, आणि शिष्यांना सांगितले की हे गुपित साधूंसाठी आहे, सामान्य लोकांना सांगू नका. झाले! भांगेला पीर मिळाला. पण मौज अशी की त्याच मकरीझींनी दुसरी साक्षही दिली आहे, आणि तीही एका कलंदराची. तो सांगतो की शेख हैदरने जन्मात भांग खाल्ली नाही. खुरासानच्या लोकांनी त्याचे नाव उगीच तिला चिकटवले, कारण त्याच्या पंथातले लोक ती खात असत. पाहा, गिरडच्या दगडासारखेच झाले. खाणारे खरे होते, गोष्ट नंतर बसली. आणि बसली ती अगदी सोयीच्या जागी.

आपल्या देशातही असेच. १८९३ साली इंग्रज सरकारने गांजा-भांगेची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. हजाराहून अधिक साक्षी घेऊन १८९४ साली त्याचा कित्येक खंडांचा अहवाल निघाला. त्या काळी आपल्या मध्यप्रांतात गांजाचे पीक निमाडातल्या खंडवा तहसिलीत, सरकारी देखरेखीखाली निघत असे आणि सरकारला त्यावर कर मिळे. आयोगाने नोंदवले की गांजाचा धार्मिक संबंध मुख्यतः शिवोपासनेशी जोडला जातो. माफक सेवनाने फारसे बिघडत नाही, अतिरेक घातक, म्हणून पूर्ण बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच आयोगापुढे मुंबई इलाख्यातील जे. एम. कॅम्बेल या अधिकाऱ्याने एक रंगतदार टिपण ठेवले. त्यात त्याने म्हटले की उत्तरेकडील मुसलमान भांगेत ख्वाजा खिज्र यांचा वास मानतात. खिज्र म्हणजे वाटसरूंना वाट दाखवणारे, अमर मानलेले पुरुष. त्या नावाचा अर्थच 'हिरवा'. हिरवी भांग आणि हिरवे ख्वाजा, जोड चांगली जमली! पण हे कोणाचे मत? भांग पिणाऱ्याचे. पिणारा आपल्या पेल्याला पीर शोधतो, यात नवल नाही. साहेबाने ते लिहून घेतले आणि छापील कागदावर ते 'मुसलमानांची समजूत' होऊन बसले.

येथवर पिणाऱ्यांच्या गोष्टी झाल्या. आता न पिणाऱ्यांनी दुसऱ्यांविषयी रचलेल्या गोष्टींकडे, म्हणजे प्रवासवर्णने आणि कादंबऱ्या यांकडे वळू. कारण आमच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात इस्लाम आणि नशा यांची जी सांगड बसते, ती बहुधा पुस्तकांतून आणि पडद्यावरून येते.

सर्वांत गाजलेली गोष्ट अलमूतच्या किल्ल्याची. इराणच्या डोंगरात हा किल्ला. १०९० साली हसन-ए-सब्बाह याने तो घेतला. तो निझारी इस्माइली पंथाचा पुढारी होता. बलाढ्य शत्रूंशी लढायला त्याच्याजवळ फौज नव्हती, म्हणून त्याचे माणूस एकेकटे जाऊन शत्रूच्या वजिराला, सरदाराला ठार करी. १२५६ साली मंगोलांनी अलमूत घेतले. त्यानंतर काही वर्षांनी मार्को पोलो त्या देशातून गेला आणि १२९८च्या सुमारास, जिनोआच्या कैदेत असताना, त्याच्या प्रवासाची हकिकत दुसऱ्याने लिहून घेतली. तीत ती प्रसिद्ध बाग आहे: डोंगरावरचा म्हातारा तरुणांना गुंगीचे पेय पाजतो, झोपेत बागेत नेतो, तेथे सुंदर स्त्रिया आणि दुधामधाचे पाट; तरुणाला वाटते हाच स्वर्ग; मग पुन्हा गुंगी देऊन बाहेर आणतात आणि सांगतात की अमक्याला मारलेस तर परत जाशील. पुढे १८०९ साली पॅरिसचे पंडित सिल्व्हेस्त्र द सासी यांनी युरोपीय भाषांतील 'असासिन', म्हणजे मारेकरी, हा शब्द 'हशीशी' या अरबी शब्दावरून आला असे दाखवले. हशीश म्हणजे भांग. लोकांनी दोन्ही एकत्र केले. भांग पिऊन खून करणारा धर्मवेडा, असे चित्र तयार झाले.

या चित्राची तपासणी फरहाद दफ्तरी या संशोधकांनी १९९४ साली एका ग्रंथात केली. निष्कर्ष असा की, इस्माइलींच्या लिखाणात तर नाहीच, पण त्यांच्या कट्टर वैरी असलेल्या मुसलमान इतिहासकारांच्या लिखाणातही भांग पाजून मारेकरी तयार करीत असा आरोप नाही. वैरी एवढा मोठा आरोप सोडतील का? 'हशीशी' ही शिवी होती. आपण एखाद्याला 'गांजेकस' म्हणतो तशी. शिवीचा कोणी शब्दशः अर्थ घेतला आणि इतिहास झाला. साधा विचार करून पाहा. वेष पालटून शत्रूच्या गावी राहायचे, महिनोन्‌महिने संधीची वाट पाहायची, तोंडून एक शब्द जाऊ द्यायचा नाही; हे काम चिलमीने झिंगलेल्याकडून होईल काय? ते खून समर्थनीय होते असे मी म्हणत नाही. उलट मी म्हणतो की ते शुद्धीवर केलेले होते, म्हणूनच त्यांची जबाबदारी त्या माणसांवर आणि त्यांना पाठवणाऱ्यांवर पुरती येते. भांगेची गोष्ट ती जबाबदारीच पुसून टाकते.

हा पंथ आपल्यापासून फार दूरचा नाही. मुंबईचे आगाखानी खोजे याच पंथाचे. १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयात आगाखान खटला चालला, तेव्हा निकालात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी अलमूतचा इतिहासही उगाळला होता. आणि १९४२च्या आंदोलनात गांधीजींना ज्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध ठेवले, जेथे महादेवभाई आणि कस्तुरबा यांनी देह ठेवला, ती वास्तू याच पंथाचे इमाम तिसरे आगाखान यांनी १८९२ साली बांधलेली. ज्यांच्या पूर्वजांविषयी युरोपात भांगेच्या कथा चघळल्या गेल्या, त्यांच्या वास्तूत सेवाग्रामचा दारूबंदीवाला म्हातारा पावणेदोन वर्षे सूत काढीत बसला होता!

दुसरी कादंबरी आपल्या मातीतली. फिलिप मेडोज टेलर हा निझामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. १८३९ साली त्याने एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपाने कादंबरी लिहिली. तिचा नायक अमीर अली हा मुसलमान ठग. त्यात ठगांचा एक विधी आहे: देवीला वाहिलेला गूळ खायचा. तो एकदा जिभेला लागला की माणूस जन्माचा ठग होतो, मग कोणी सोडवू शकत नाही. श्रोतेहो, गूळ! आपल्या घरी पाहुण्याला पाण्याबरोबर देतो तोच गूळ. ही कल्पना टेलरने रचली नाही. स्लीमनसाहेबापुढे माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्यांत ती आहे. आता, माफीचा साक्षीदार हे का सांगेल? कारण फाशीच्या छायेत उभा असलेला माणूस म्हणतो, "मी नाही हो केले, गुळाने केले." आणि गोऱ्या वाचकाला हे आवडते, कारण त्याला हिंदुस्थानी माणूस विचाराने वागतो हे पटत नसते. ज्या वाटसरूंना लुटारूंनी खरोखर धोत्र्याचे बी घालून बेशुद्ध केले आणि लुटले, त्यांची नोंद पोलिसांच्या कागदांत राहिली. कादंबरी झाली ती गुळाची.

हाच धागा पुढे चालत आला आहे. १९६५ साली फ्रँक हर्बर्ट या अमेरिकी लेखकाने 'ड्यून' ही कादंबरी लिहिली. तिच्यातले वाळवंट परग्रहावरचे, पण शब्द 'महदी', 'जिहाद' असे अरबी. आणि त्या लोकांचा मोठा विधी म्हणजे एक मादक, दिव्यदृष्टी देणारा द्रव पिणे. अलीकडे, २०२१ आणि २०२४ साली, तिच्यावर निघालेले चित्रपट आपल्या मुलांनी मोबाइलवरही पाहिले असतील. कल्पित कथेला कल्पनेची मुभा आहे, तिला मी नावे ठेवीत नाही. मात्र ज्या मुलाला इस्लामची दुसरी काहीच ओळख नाही, तो शब्द आणि विधी एकाच गाठोड्यात बांधून घरी नेतो. ते गाठोडे सोडून दाखवणे हे आम्हां शिक्षकांचे काम आहे.

कवितेतल्या मद्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. फारसी-उर्दू काव्यात साकी आहे, प्याला आहे, मैखाना आहे. मग हे काय? सूफी परंपरेत ईश्वरप्रेमाच्या बेभान अवस्थेला 'सुक्र' म्हणजे धुंदी म्हणतात आणि भानावर येण्याला 'सह्व'. थोर सूफी जुनैद यांनी सह्वची, म्हणजे शुद्धीची, पायरी वरची मानली. आपल्या वारकऱ्याला अभंग रंगला की 'नामाची गोडी' लागते. ती गोडी काही गुळाच्या ढेपेतून येत नाही. तसेच हे. अर्थात सगळे कवी संत नव्हते. कोणी खरेच पीत असत, आणि कित्येक ओळींत प्याला खरा की रूपकातला हे ठरवणे अवघड जाते. मराठीत हे जग आणले माधव ज्यूलियन यांनी. फारसीचे हे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला, आणि उमर खय्यामच्या रुबायांचे मराठी अवतार पुढे दिले. 'द्राक्षकन्या' हे नावच पाहा किती देखणे आहे. ते वाचताना धुंद व्हावे. पण त्यावरून इराणी मुसलमानाचा धर्म कोणता हे ठरवू नये.

मग नशेविषयी खरे बोलणारी गोष्ट असते की नाही? असते. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' घ्या. गडकरी १९१९च्या जानेवारीत येथून जवळच, सावनेरला, वारले. आणि त्यानंतर त्याच साली हे नाटक रंगभूमीवर आले. सुधाकराच्या प्याल्यावर कोणत्याही देवाचा, पिराचा शिक्का नाही. तळीराम त्याला युक्तिवाद पुरवतो, तत्त्वज्ञान पुरवतो, मंडळ स्थापून प्रतिष्ठाही पुरवतो. पण घोट घेणारा हात सुधाकराचाच आहे आणि किंमत मोजते सिंधू. म्हणून आजही ते नाटक अंगावर येते. अलमूतच्या बागेत सिंधू नाही. तेथे कोणाचे दागिने गहाण पडत नाहीत, कोणाचे लेकरू उपाशी झोपत नाही. नशेची खोटी गोष्ट ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे: तिच्यात घरची माणसे नसतात.

बंधुभगिनींनो, आपला जिल्हा गांधी-विनोबांचा म्हणून १९७० नंतरच्या दशकात येथे दारूबंदी झाली आणि ती आजही आहे. गांजावर तर १९८५च्या कायद्याने देशभर बंदी आहे. भांगेची पाने त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली, एवढेच. पण बंदी कागदावर असते आणि चिलीम हातात, हे तुम्ही मला सांगाल. खरे आहे. कायदा दारात उभा राहू शकतो. मनात शिरतो तो शब्द. 'प्रसाद' हा शब्द पोलिसाच्या दंडुक्याने पुसला जाणार नाही. तो श्रद्धावान माणसांनीच पुसला पाहिजे. दर्ग्याच्या मुजावराने म्हटले पाहिजे की हे पिराचे नाही. देवळाच्या पुजाऱ्याने म्हटले पाहिजे की हे महादेवाचे नाही. आणि हिंदूने दर्ग्याकडे बोट दाखवायचे, मुसलमानाने धुनीकडे, हा खेळ बंद केला पाहिजे. चिलीम दोन्हीकडे एकाच मातीची आहे, आणि मरणारा पोरगा कोणत्याही जातीचा असला तरी आईच्या पोटचाच असतो.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. नशा वाईट असे फळ्यावर लिहून मुले सुधारत नाहीत. ते त्यांना पाठ असते. त्यापेक्षा त्यांना गोष्ट तपासायला शिकवा. वर्गात एखादी दंतकथा घ्या आणि तीन प्रश्न विचारा. ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली? ज्यांच्याविषयी आहे ते स्वतः काय म्हणतात? आणि ही गोष्ट खरी मानली तर कोणाची जबाबदारी सुटते? ज्या मुलाला हा तिसरा प्रश्न विचारण्याची सवय लागली, त्याच्यापुढे उद्या जत्रेत कोणी चिलीम धरली आणि म्हटले, "घे, बाबांचा प्रसाद आहे," तर तो बाबांना हात जोडील, चिलीम मात्र घेणार नाही. तो विचारील, "बाबांनी दिला का? की तुम्हीच देता आहात?"